कंट्रोलमधलीच समुद्रफुलं आधी का मरतायत?

खडकवाली
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय. इथे बरेच झूऑलॉजीवाले आहेत म्हणून विचारते, प्लीज वेळ काढून वाचा, सबमिशनला सात आठवडे राहिलेत आणि मला रात्री झोप लागत नाहीये.

मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मुंबईतच. प्रोजेक्ट समुद्रफुलांवर, म्हणजे सी ॲनिमोन. बँडस्टँडच्या खडकात ओहोटीला डबकी राहतात ना, त्यात भेगेला चिकटून बसलेली असतात. पाण्यात असली की फुलासारखी उघडी आणि उघड्यावर पडली की बटणाएवढा बुळबुळीत गोळा. पावसाळ्यात वरून धो धो गोडं पाणी पडतं तेव्हा ही काय करत असतील, खारटपणा किती कमी झालेला सोसत असतील, हा माझा प्रश्न. तीन ट्रे केले. प्रत्येकात १० लिटर पाणी, १२ समुद्रफुलं, एक एअरेटर. पहिला ३५ पीपीटी म्हणजे समुद्राचं नेहमीचं पाणी, हा कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी काहीच न बदललेला. दुसरा २५, तिसरा १५.

सहाव्या दिवशी सकाळी लॅब उघडली तर वास. कंट्रोलमधली ७ मेलेली. पंचवीसमधलं एकही नाही, उलट मस्त उघडून बसलीयेत. पंधरामधली ३ गेली. म्हणजे ज्यांना मी काहीच केलेलं नाही तीच मरतायत! गाइड म्हणतात, आपल्याकडची जात थोड्या पातळ पाण्याला सरावलेली असेल, तसं लिही, रिझल्ट चांगला आहे. मला पटत नाहीये. डिसेंबरात समुद्राचं पाणी पस्तीसच्या आसपासच असतं आणि त्यात ती खडकावर ठणठणीत होती, मीच तर बघून आणली. कुणाला असा अनुभव आहे का?

चिंबोरी_मास्टर
पाणी कुठून आणलंस? नाल्याच्या तोंडाजवळचं नाही ना?

खडकवाली
नाही नाही, तिथूनच, फुलं घेतली त्याच खडकाच्या पुढून, ओहोटी संपून भरती चढायला लागली तेव्हा कॅन भरले. प्लँक्टन नेटच्या कापडातून गाळलं. तिन्ही ट्रेचं मूळ पाणी एकच, दोन ट्रेमध्ये डिस्टिल्ड वॉटर घालून पातळ केलं. त्यामुळे पाणीच खराब असतं तर तिन्हीकडे मेली असती.

डोंबिवलीची_आई
मी यातली नाही, पण माझी मुलगीसुद्धा पुढच्या वर्षी असाच प्रोजेक्ट घेणार म्हणतेय म्हणून वाचते आहे. पीपीटी म्हणजे प्रेझेंटेशन ना? ३५ प्रेझेंटेशन?

गाळगंगा
काकू, इथे पीपीटी म्हणजे हजारात किती भाग. एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार, म्हणून ३५ पीपीटी. (प्रेझेंटेशनंही पस्तीसच करावी लागतात, तेही खरंच आहे.)

खडकवाली, मी ठाण्याच्या खाडीतल्या चिखलातल्या किड्यांवर पीएच.डी. करतेय, पॉलिकीट्स. पहिला प्रश्न: खाऊ काय घालतेस आणि उरलेलं काढतेस का? समुद्रफूल दोन दिवस उपाशी राहिलं तर काही होत नाही, पण कोळंबीचा तुकडा ट्रेमध्ये सडला तर अमोनिया चढतो आणि सगळी जातात. दुसरं, एक मेलं की लगेच काढायचं, नाहीतर ते कुजून शेजारच्यांना नेतं. सातपैकी पहिलं एखादंच स्वतःच्या कारणाने मेलं असेल.

खडकवाली
दर तिसऱ्या दिवशी कोळंबीचा अगदी तांदळाएवढा तुकडा, तासाभराने उरलेलं ड्रॉपरने काढते. तिन्ही ट्रेला सारखंच. शनिवार-रविवारी लॅब बंद असते ते मात्र खरं, पहिलं मेलं ते बहुतेक त्यातच.

सावली
माफ करा पण मला कुणीतरी सांगा, ३६ जिवंत प्राणी समुद्रातून उचलून आणायचे, त्यांना पाण्याने छळायचं आणि एका डिग्रीसाठी मारायचं, हे गरजेचं आहे का? हल्ली लोक फोटो काढून, निरीक्षणं नोंदवून केवढं काम करतात. पावसाळ्यात डबक्यापाशी बसून बघा ना काय करतात ती.

गाळगंगा
सावली, प्रश्न चुकीचा नाही, पण थोडं माझ्याही बाजूने ऐका. पावसाळ्यात उधाणाच्या लाटा त्या खडकावर आपटतात, तिथे बसून बघणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. शिवाय तिथे एकाच वेळी पाणी पातळ होतं, गढूळ होतं, सांडपाणी वाढतं, तापमान उतरतं. फूल मेलं तर कशाने मेलं कळणार नाही. एकच गोष्ट बदलून बघायला लॅब लागते. आणि फोटोचं म्हणाल तर चिखलातल्या अर्ध्या सेंटिमीटरच्या किड्याचा फोटो काढून त्याची जात कळत नाही, त्याच्या पायावरचे केस मायक्रोस्कोपखाली मोजावे लागतात. मी अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून चिखल धुते, वर उरतं त्यात रोझ बेंगॉल हा रंग घालते, जीव होते ते गुलाबी होतात, मग एकेक चिमट्याने वेचायचा. एका चमच्याएवढ्या गाळाला अख्खी दुपार जाते. वरळी-हाजीअलीच्या प्रवाळांच्या वसाहती कोस्टल रोडच्या वेळी काढून दुसरीकडे लावल्या, कारण तिथे काय आहे हे कुणीतरी आधी मोजून ठेवलं होतं. जे मोजलेलंच नाही त्याच्यासाठी कोण भांडणार?

सावली
मोजणं आणि मारणं यात फरक आहे एवढंच माझं म्हणणं. पण तुमचं शेवटचं वाक्य डोक्यात राहिलं.

खडकवाली
सावली, मला पण वाईट वाटलं हो. सात गोळे पेट्री डिशमध्ये ठेवून नोंद करताना हात थरथरत होते माझे. म्हणूनच विचारतेय. मेलीच आहेत तर निदान चुकीचं कारण तरी मी लिहू नये.

निवृत्त_गुरुजी
मुली, तू विषय चांगला घेतला आहेस, धीर सोडू नकोस. मी ३१ वर्षं कॉलेजात शिकवलं. "या बिनकण्याच्या जिवांचा उपयोग काय" हे पालक विचारतात, नातेवाईक विचारतात, म्हणून ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगत असे. १९०१ साली मोनॅकोच्या राजाच्या बोटीवर शार्ल रिशे आणि पोर्तिए हे दोघे फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लूबॉटल या जेलीफिशसारख्या दंश करणाऱ्या प्राण्याच्या विषाचा अभ्यास करत होते. पॅरिसला परतल्यावर ब्लूबॉटल मिळेना, तेव्हा त्यांनी समुद्रफुलांच्या शुंडकांचा अर्क घेतला. त्यांना वाटलं थोडं विष आधी दिलं की प्राणी पुढच्या वेळी टिकेल. झालं उलटंच. दुसऱ्यांदा अगदी कमी मात्रा दिली तरी कुत्रा काही मिनिटांत गेला. हे अपेक्षेच्या विरुद्ध आलेलं निरीक्षण त्यांनी झाकलं नाही, त्याचा पाठलाग केला. आज कुणाला शेंगदाण्याने किंवा इंजेक्शनने अचानक श्वास कोंडतो, त्याला आपण ॲनाफिलॅक्सिस म्हणतो, ते नाव त्यांनी १९०२ मध्ये दिलं. रिशेंना १९१३ चं नोबेल मिळालं.

रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफचंही तसंच. १८८२ साली सिसिलीत तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात त्याने गुलाबाचा काटा टोचला आणि सकाळी बघितलं तर काट्याभोवती पेशी गोळा झालेल्या. आपल्या पांढऱ्या पेशी जंतू खातात हे आपण शिकतो त्याची सुरुवात तिथे आहे.

सांगायचं एवढंच की कंट्रोल मेला म्हणजे प्रोजेक्ट मेला असं नाही. पण "जात सरावलेली असेल" हे तपासल्याशिवाय लिहू नकोस.

चिंबोरी_मास्टर
गुरुजी तुमच्या वर्गात बसायला हवं होतं. आमच्या सरांनी तारामासा फळ्यावर काढला आणि म्हणाले पाच मार्कांना येतो.

वेसावची_पोर
मी कोळी, वेसावा. आमच्या घरात झूऑलॉजी कुणी शिकलं नाही पण माझी आई कालवं काढायला जायची, अजून जाते कधी कधी, गुडघे दुखतात तरी. तिला विचारलं आत्ता. ती म्हणाली पहिल्या पावसात खडकावरचं सगळं मिटून बसतं. कालव शिंपला घट्ट लावून घेतं, शंख दार लावून घेतो, त्या बिचाऱ्या फुलाला दार नाही म्हणून ते अंग चोरून चिकट होतं. मला वाटतं तुझ्या प्रोजेक्टचं पहिलं पान तिने सांगून टाकलं.

खडकवाली
अगं हे किती सुंदर सांगितलंय! खरंच तसंच आहे, पंधराच्या ट्रेमध्ये टाकल्यावर सगळी तासाभरात मिटली आणि अंगावर चिकट थर आला, आत राहिलेलं खारं पाणी असं धरून ठेवतात. मी काकूंचं निरीक्षण रिपोर्टमध्ये लिहू का, त्यांना विचारशील?

वेसावची_पोर
विचारते. हो म्हणेल पण आधी लाजेल.

डोंबिवलीची_आई
तुमचं सगळं छान चाललंय, पण माझी शंका वेगळी आहे. मुली पहाटे पाच-साडेपाचला अंधारात खडकावर जातात म्हणे, ओहोटी तेव्हाच असते म्हणून. शेवाळावर पाय घसरला तर? आसपास कोण असतं त्या वेळी? आणि मुलींनी बाथरूमला कुठे जायचं? हे कुणी प्रोजेक्टमध्ये लिहीत नाही.

गाळगंगा
काकू, हे शंभर टक्के खरं. मी पहिल्या वर्षी सकाळपासून पाणीच प्यायचे नाही, मूत्राशयाचा त्रास झाला तेव्हा डॉक्टर ओरडल्या. आता आम्ही कधीच एकटं जात नाही, कमीत कमी तिघी, मागे वर रस्त्यावर एक जण थांबतो, त्याच्याकडे भरतीची वेळ लिहिलेली. कारण पाणी समोरून येतं असं वाटतं पण खडकात ते मागच्या घळीतून आधी भरतं आणि तुमची परतीची वाट जाते. पायात जाड तळव्याचे बंद बूट, चप्पल अजिबात नाही. पायाला जखम असेल तर त्या दिवशी सुट्टी, मुंबईच्या पाण्यात सांडपाणी आहे. आणि शंकूच्या आकाराचा नक्षीदार शंख दिसला तर उचलायचा नाही, कोन स्नेल विषारी काटा मारतो.

वेसावची_पोर
काकू, अंधाराचं उत्तर आहे माझ्याकडे. आमच्यात तिथीवरून हिशेब करतात. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला चारचे पाऊण तीन, म्हणजे तीनला भरती, नऊच्या आसपास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराचे पाऊण सव्वाअकरा, म्हणून पूर्ण ओहोटी पाच-साडेपाचला, अंधारात. पण सगळे पौर्णिमेलाच धावतात तिथे चुकतात. पाणी सगळ्यात लांब जातं ते पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी. द्वितीयेला भरती दीडला, ओहोटी सकाळी सव्वासातच्या सुमाराला, लख्ख उजेड. वेळ थोडी इकडे तिकडे होते, म्हणून भरती-ओहोटीचा तक्ता पण बघायचाच. अष्टमी-नवमीला जाऊच नका, तेव्हा भांग असते, पाणी हलतच नाही नीट.

डोंबिवलीची_आई
हे मी वहीत लिहून घेतलं. मुलीला सांगते द्वितीयेलाच जा. तुझ्या आईला माझा नमस्कार सांग.

मिठागर
उशिरा आलो. मी घरी मरीन टँक ठेवतो, दहा वर्षं झाली, डिग्री कॉमर्सची, पण खाऱ्या पाण्याने भरपूर शिकवलं. खडकवाली, एकच विचारतो, ट्रेमधलं पाणी कमी झालं की काय करतेस? आणि ट्रे लॅबमध्ये नक्की कुठे आहेत?

खडकवाली
खिडकीजवळच्या ओट्यावर, एसीच्या खाली, कारण तिथेच प्लग आहेत. पाणी रोज कमी होतं, साधारण अर्धा लिटर, मग मी कॅनमधलं भरते. कंट्रोलमध्ये समुद्राचं, पंचवीसमध्ये पंचवीसचं बनवून ठेवलेलं, पंधरामध्ये पंधराचं. का हो?

मिठागर
सापडलं मला वाटतं. हवेत जातं ते फक्त पाणी, मीठ ट्रेमध्येच राहतं. तू वरून भरतेस ते परत खारं पाणी. म्हणजे रोज मीठ वाढतंय. हिशेब कर. कंट्रोलमध्ये १० लिटर गुणिले ३५, साडेतीनशे ग्रॅम मीठ. रोज अर्धा लिटर समुद्राचं पाणी घातलंस म्हणजे साडेसतरा ग्रॅम मीठ जास्त. दिवसाला पावणेदोन पीपीटी वर. सहा दिवसांत साडेदहा. तुझा कंट्रोल सहाव्या दिवशी ३५ नाही, पंचेचाळीसच्या वर आहे.

आता पंचवीसचा ट्रे बघ. तिथे रोज साडेबारा ग्रॅम, दिवसाला सव्वा पीपीटी, सहा दिवसांत २५ चा ३२.५ झाला. म्हणजे जवळपास समुद्रच! म्हणून ती मजेत आहेत. पंधराचा साडेएकोणीस झाला असणार.

आमच्या छंदवाल्यांत हा पहिला धडा असतो, उडालेल्या पाण्याची भरपाई कायम गोड्या पाण्याने, आरओ किंवा डिस्टिल्ड. नळाचं नाही, क्लोरीन असतं. मी पहिल्या वर्षी असंच समुद्राचं पाणी भरत राहिलो आणि सगळी कोळंबी घालवली, म्हणून लगेच ओळखलं.

गाळगंगा
अरे देवा. हो. मी खाऊवर अडकले होते, हे डोक्यातच नाही आलं. खडकवाली, रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) लाव आणि तिन्हीचं रीडिंग टाक. आधी डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकून शून्य जुळव, बहुतेक लॅबमधले हललेले असतात.

खडकवाली
रिफ्रॅक्टोमीटर एकच आहे, फिशरीजवाल्यांकडे असतो, मी पहिल्या दिवशी मोजून परत दिला. उद्या सकाळी मागते. आत्ता लॅबची किल्ली पण नाहीये माझ्याकडे.

चिंबोरी_मास्टर
उद्यापर्यंत आम्ही पण झोपणार नाही आता.

सूक्ष्मदर्शी
वाट बघतोय तोवर माझं ऐका, लॅबच्या सवयींचा विषय निघालाच आहे. मी शिंपल्यांवर काम करत होतो, एक पूर्ण वर्षाचे नमुने, दर महिन्याची ओहोटी, सगळे फॉर्मलिनमध्ये. बोरॅक्स घालून फॉर्मलिनचा आम्लपणा मारायचा असतो हे कुणी सांगितलं नाही. आठ महिन्यांनी बाटल्या उघडल्या तर लहान शिंपले विरघळून गेलेले, मोठ्यांवरची नक्षी पुसलेली. त्यात फॉर्मलिनमधल्या नमुन्याचा डीएनए काढणं महाकठीण, म्हणजे डीएनएवरून जात ओळखायची, बारकोडिंगची, वाटही बंद. आता प्रत्येक जातीचे दोन-तीन वेगळे ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवतो आणि लेबल बाटलीच्या आत टाकतो, पेन्सिलने लिहून, बाहेरची शाई अल्कोहोलने जाते. नवीन पोरं लॅबमध्ये आली की पहिल्या दिवशी हे सांगतो, प्रॅक्टिकलच्या आधी.

खडकवाली
रीडिंग. शून्य दोनदा जुळवलं.
कंट्रोल ४६. पंचवीसचा ३३. पंधराचा २०.

मिठागर काका, हिशेब अगदी बरोबर आला. मी ओट्यासमोर स्टुलावर बसून रडले आणि मग हसले. गाइडना आकडे दाखवले, ते बराच वेळ वहीकडे बघत राहिले आणि म्हणाले बरं झालं तू ऐकलं नाहीस माझं.

कंट्रोलमधली ५ जिवंत आहेत, त्यांना एकदम ३५ वर आणू की हळू?

मिठागर
हळू. तासाला एखाद पीपीटी, थोडं थोडं डिस्टिल्ड घाल. एकदम केलंस तर अंगात पाणी घुसून फुगतील.

निवृत्त_गुरुजी
शाब्बास. आता एक कटू गोष्ट, रागावू नकोस. क्षारता बरोबर ठेवली असतीस तरी तुझी मांडणी अडली असती. एका ट्रेमध्ये १२ फुलं म्हणजे १२ वेगळी निरीक्षणं नव्हेत. ट्रेला काही झालं तर बाराही एकदम भोगतात, जसं आत्ता झालं. म्हणजे तुझ्याकडे प्रत्येक क्षारतेचं एकच निरीक्षण आहे. हर्लबर्ट नावाच्या शास्त्रज्ञाने १९८४ साली याच चुकीवर लेख लिहिला, तिला स्यूडोरेप्लिकेशन हे नाव दिलं, आणि अजून ती चूक होते. व्हायवाला परीक्षक नेमकं हेच विचारतील. लहान बरण्या घे, एका बरणीत एक फूल, प्रत्येक क्षारतेच्या आठ बरण्या, आणि त्या ओळीने न मांडता चिठ्ठ्या टाकून जागा ठरव, म्हणजे एसीखाली एकच गट येणार नाही.

सावली
म्हणजे फुलंही कमी लागतील ना? ३६ च्या जागी २४.

निवृत्त_गुरुजी
हो. कमी जीव आणि जास्त खात्रीचं उत्तर.

गाळगंगा
आणि मरेपर्यंत थांबायची गरज नाही. मिटायला किती वेळ लागतो, परत नेहमीच्या पाण्यात टाकल्यावर उघडायला किती वेळ लागतो, ते मोज. तुझा प्रश्न "सोसतात का" हाच आहे, मेलेल्यांची संख्या त्याचं सगळ्यात ढोबळ उत्तर. काढताना सुरी लावू नको, तळ फाटला की टिकत नाहीत. जुनं प्लास्टिकचं कार्ड कडेने हळूच सरकव, किंवा सुट्या छोट्या दगडावरची घे, दगडासकट.

सावली
हे वाचून मला बरं वाटलं. नंतर समुद्रात सोडणार का?

गाळगंगा
दुसऱ्या ठिकाणच्या प्राण्यांबरोबर एका पाण्यात ठेवली नसतील आणि धडधाकट असतील तरच, आणि त्याच खडकावर. नाहीतर लॅबमधला रोग आपण समुद्राला देऊ.

वेसावची_पोर
आई हो म्हणाली. नाव नको लिहू म्हणते, "वेसाव्याची एक कालवं काढणारी बाई" असं लिही म्हणते. आणि विचारते, तुझं फूल पहिल्या पावसात मिटतं, मग शेवटच्या पावसात पण तेवढंच मिटतं का? तिला वाटतं श्रावणापर्यंत त्यांना सवय होते.

खडकवाली
अगं हे तर मी मोजू शकते! आठ फुलं आधी दहा दिवस ३० वर ठेवायची आणि मग १५ वर टाकायची, आठ थेट १५ वर, आणि ३५ च्या आठ बरण्या कंट्रोल. गुरुजी, चालेल ना?

निवृत्त_गुरुजी
चालेल काय, तोच तुझा प्रोजेक्ट आहे. थेट टाकायची आहेत तीसुद्धा दहा दिवस तशाच बरणीत ३५ वर ठेव, लॅबमधले दिवस सगळ्यांचे सारखे व्हायला हवेत.

खडकवाली
२४ बरण्या मिळाल्या, कँटीनवाल्या दादांनी लोणच्याच्या रिकाम्या दिल्या, चार वेळा धुतल्या तरी थोडा वास होता म्हणून रात्रभर पाण्यात ठेवल्यात. वर झाकणं, झाकणाला एअरेटरच्या नळीपुरतं भोक. प्रत्येकीवर पाण्याच्या पातळीला मार्करची रेघ, रेघेपर्यंत डिस्टिल्ड. रिफ्रॅक्टोमीटर फिशरीजच्या मॅडमनी महिनाभरासाठी दिला, रोज मोजायचं या अटीवर.

द्वितीया परवा आहे, सकाळी सव्वासात. आम्ही तिघी जातोय, वर रस्त्यावर माझा भाऊ थांबणार.

वेसावची_पोर
आई विचारते, ती पण आली तर चालेल का. गुडघ्याचं मी बघते.